दहा माणसांचा देश

बेंगळूरुच्या तुमकूर रस्त्याने मेट्रोच्या खांबांखालून जलहळ्ळी क्रॉस ओलांडला की पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. प्रेस, फोर्जिंग, टूलरूम, पावडर कोटिंग, पुठ्ठ्याची खोकी, तयार कपडे, असे एका गल्लीत दहा धंदे. इथल्या कितीतरी फाटकांवर रात्रपाळीला बसलेला माणूस एके काळी फौजेत होता. त्यांत कन्नड, तेलुगु, ओडिया बोलणारे आहेत, तसे बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज इकडचे मराठी बोलणारेही आहेत. सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशीच्या आसपास पेन्शनवर आलेला जवान गावाकडच्या दीड एकरात किती दिवस काढणार? मुलांच्या शिक्षणाच्या खर्चासाठी तो शहर धरतो आणि पुन्हा गणवेश चढवतो. या वेळी खांद्यावर पलटणीऐवजी सिक्युरिटी एजन्सीचे नाव असते. अशा माणसांनी आपल्या विशी-पंचविशीतल्या लढाईबद्दल सांगितलेल्या हकिकती या संग्रहात एकत्र केल्या आहेत. कुणी श्रीलंकेत होता, कुणी काश्मीरमध्ये, कुणी कारगिलला, कुणी ईशान्येत.

त्यांना विचारलेला प्रश्न एकच होता. भरतीच्या वेळी पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या मुलाच्या मनात देश, शौर्य, शिवाजी महाराज, आईबापाचे नाव असे जे काही असते, त्याचे लढाईत काय होते?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एका उत्तरानुसार लढाई म्हणजे अग्निपरीक्षा; तीतून माणूस तावूनसुलाखून बाहेर पडतो. दुसऱ्यानुसार युद्ध माणसाचे जनावर करते. पहिले उत्तर सत्काराच्या व्यासपीठावरून दिले जाते, दुसरे चर्चासत्रात, आणि दोन्ही ठिकाणी जवान एक तर गप्प असतो किंवा हजरच नसतो. या हकिकती वाचून माझे मत असे झाले आहे की आदर्श सहसा मरत नाहीत, ते आकसतात. पायदळाच्या एका सेक्शनमध्ये दहा जण असतात. घरून निघताना मनात असलेला देश पहिल्या गोळीबारानंतर त्या दहा जणांएवढा होतो. त्यांच्यासाठी माणूस जीव देतो आणि त्यांच्यासाठीच घेतो. त्या दहांच्या बाहेरचे जग धूसर होते, त्यातला माणूस माणूस म्हणून दिसेनासा होतो. पुढे पेन्शन येते, दहा जण दहा जिल्ह्यांत पांगतात आणि आकसलेला देश पुन्हा रुंद करायला कुणी मदत करत नाही.

एक हकिकत थोडी जवळून दाखवतो. एकविसाव्या वर्षी काश्मीरमधल्या एका पोस्टवर एका जवानाचा बडी, म्हणजे जोडीदार, मारला गेला. फौजेत मृताच्या खासगी सामानाची यादी करून ते घरी पाठवायची रीत आहे. यादी लिहायला यालाच बसवले, कारण त्याचे अक्षर चांगले होते. काळी ट्रंक उघडली. बनियन, नग दोन, वापरलेले. कंगवा, नग एक, वापरलेला. दाढीचा ब्रश. चपला. बहिणीच्या लग्नपत्रिका, नग चार. मग निघाला चिक्कीचा पुडा, निम्मा खाल्लेला. हा लिहायचा कसा, म्हणून त्याने नायब सुभेदार साहेबांकडे पाहिले. खाण्याच्या वस्तू यादीत घेत नाहीत, असे साहेब म्हणाले. टाकवेना. मग यादी करणाऱ्या तिघांनी ती चिक्की तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. पुढच्या आठवड्यात एका गावाला वेढा पडला. झडतीच्या वेळी याने एका म्हाताऱ्याला घराबाहेर थंडीत तीन तास उभे ठेवले. म्हाताऱ्याने काही केले नव्हते, केल्याचा संशयही नव्हता. हकिकत सांगणारा म्हणतो की त्या म्हाताऱ्यात मला माझा बाप दिसला नाही. दिसायला हवा होता, हेही तोच म्हणतो. आज तो पीण्यात फाटकावर मालाच्या गाड्यांची नोंद ठेवतो आणि रजिस्टरमध्ये ‘नग’ लिहिताना त्याचा हात अजून थबकतो.

चिक्की खाणारा आणि म्हाताऱ्याला उभे ठेवणारा माणूस एकच आहे. या विषयाचा सगळा अवघडपणा त्यात आला. माया आटली असती तर गोष्ट सोपी होती. ती आटत नाही, एका जागी साचते.

मराठी परंपरेला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या दाण्याला, गवताला, भाजीपाल्याला हात लावू नका, अशी ताकीद त्यात आहे. ती ताकीद द्यावी लागली, कारण हातात हत्यार आणि पोटात भूक असलेल्या तरुणाचे काय होऊ शकते हे महाराज जाणून होते. पण पुढे बखरी आणि पोवाडे आले ते सरदारांचे. पानिपतच्या पराभवाची परंपरेने चालत आलेली बातमी आठवा. तिच्यात मोठे सेनानी मोती होते, त्यांच्या खालचे मोहरा होते आणि साधा शिपाई होता चिल्लर, जिची मोजदादच झाली नाही. अडीचशे वर्षांनंतरही आपल्या युद्धलेखनाचा हिशोब पुष्कळसा तसाच राहिला आहे. सेनापतींच्या आठवणी आहेत, मोहिमांचे नकाशे आहेत, वीरमातांची पुस्तके आहेत. जवानाने स्वतःच्या मनाबद्दल बोललेले मात्र शोधावे लागते. मराठीतली ‘रणांगण’ नावाची गाजलेली कादंबरी विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये लिहिली. ती युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडते. थोर कादंबरी आहे ती, पण शिपाई तिच्या केंद्रस्थानी नाही.

खरे तर शिपाई होते, आणि फार होते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमारा इथे ब्रिटिश-भारतीय फौज वेढ्यात अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपले, घोडी कापली गेली आणि घोड्याचे मांस खायचे की उपाशी राहायचे हा प्रश्न कोकणातल्या नि देशावरच्या मुलांपुढे उभा राहिला. धर्माने परवानगी आहे असे हिंदुस्थानातून कळवण्यात आले. तरी बरेच जण उपाशी राहिले, काहींनी अखेरीस खाल्ले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदेतल्या पायपिटीत आणखी असंख्य गेले. खाणाऱ्याला पुढे काय वाटले आणि न खाणाऱ्याला काय, हे आपल्याला सांगणारे मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा धागा थेट पीण्याच्या शेजारी येऊन पोचतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणी इटालियन फौजेशी लढल्या. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रणगर्जना रेजिमेंटच्या इतिहासात त्याच लढाईशी जोडली जाते. आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन कैदी हिंदुस्थानात आणले गेले. बेंगळूरुभोवती त्यांच्या छावण्या होत्या आणि जलहळ्ळीला त्या काळी मोठे लष्करी रुग्णालय होते. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले आणि मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन शत्रूच्या कैदेत गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली. पाठोपाठ मराठा जवान खुद्द इटलीच्या भूमीवर, तिथल्या खेड्यांतून, जर्मनांशी लढू लागले. म्हणजे तीन वर्षांत शत्रू कैदी झाला, आपण कैदी झालो आणि मग शत्रूच्याच गावात आपल्याला माणसे पाणी देऊ लागली. रायगडच्या किंवा संगमनेरच्या विशीतल्या पोराने हे मनात कसे बसवले असेल? साम्राज्यासाठी लढतो आहोत याचे त्याला फार सोयरसुतक नव्हते. पगार, गावकीतला मान आणि पलटणीची अब्रू या त्याच्या निष्ठा होत्या.

याच मोहिमेतला एक तास मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदी ओलांडताना कंपनीचे रनर असलेले नामदेव जाधव आणि दोन जखमी सोबती यांच्याखेरीज जवळचे सगळे पडले. जाधव तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी एकेक करून दोन्ही जखमींना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायचा म्हणून ते एकटे परत गेले, मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली, हाताला जखम होऊन टॉमीगन धरवेना तेव्हा हातगोळे फेकले आणि शेवटी बांधावर चढून रणगर्जना देत उरलेल्यांना हाक मारली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणुसकी आणि संहार यांच्यामध्ये इथे काही मिनिटांचेही अंतर नाही, आणि दोन्हींचा उगम एकच आहे, ते दहा जण. आपण या प्रसंगातले शौर्य पाठ केले, ते योग्यच केले. त्यातल्या तरुणाची उलघाल मात्र कुणी विचारली नाही. तोच सन्मान मरणोत्तर मिळालेल्या यशवंत घाडग्यांना तर विचारताच आले नसते. १० जुलै १९४४ ला ते इटलीतच, बाविसाव्या वर्षी गेले. माणगावला त्यांचे स्मारक आहे.

या सगळ्या चित्राला छेद देणारी एक गोष्ट आहे आणि ती सोडून हा विषय महाराष्ट्रात मांडताच येत नाही. फौजेत गेल्याने माणूसपण हरवते असे म्हणताना कुणाचे माणूसपण, हे विचारावे लागते. महार समाजातल्या कितीतरी पिढ्यांना माणूस म्हणून पहिली ओळख मिळाली ती गणवेशात. लष्करी शाळांनी त्यांच्या मुलांना अक्षरओळख दिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी तिच्याविरुद्ध अर्ज केले, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी तो लढा चालवला. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली ती बेळगावात. म्हणून एकाच बराकीत दोन मुले शेजारी झोपली आहेत अशी कल्पना करा: एकाचा देश दहा माणसांएवढा आकसतो आहे आणि दुसऱ्याचा देश, गावकुसाबाहेरून निघून, पहिल्यांदाच दहा माणसांएवढा रुंद होतो आहे. संग्रहातल्या एका हकिकतीत हे फार स्पष्ट आले आहे. गावात वेगळा पेला होता आणि इथे एकाच मेसटिनमधून चौघे जेवलो, असे सांगणारा माणूस लढाईच्या भीषणतेबद्दल बोलताना फौजेबद्दल कडवट होत नाही. फौजेने आपल्याला माणूस मानले, हे त्याला अधिकाराने म्हणता येते.

जगात या विषयाचा अभ्यास वैद्यकाच्या वाटेने सुरू झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि दम यांवर डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये लिहिले आणि हृदयाचे दुखणे म्हणून ते मांडले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय साहित्यात आणला. त्याच पहिल्या महायुद्धात पळपुटेपणासारख्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश फौजेने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडले. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा मानसिक तणाव) हे निदान अधिकृत झाले. दुसरी वाट समाजशास्त्राची. शिल्स आणि जॅनोविट्झ यांनी १९४८ मध्ये दाखवले की जर्मन सैनिक शेवटपर्यंत लढले ते प्रामुख्याने आपल्या छोट्या गटासाठी, नाझी विचारासाठी कमी. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये त्याच गटनिष्ठेची काळी बाजू उघड केली. हॅम्बुर्गमधल्या साध्या, प्रौढ राखीव पोलिसांनी पोलंडमध्ये हजारो ज्यूंना ठार केले, आणि बहुतेकांना सोबत्यांपासून वेगळे पडणे हे मारण्याहून अवघड वाटले. तिसरी वाट साक्षीची: पहिल्या महायुद्धावरची रेमार्कची कादंबरी १९२९ ची, आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सोव्हिएत पोरांची व त्यांच्या आयांची कथने जमवणारी स्वेतलाना अलेक्सिएविच. तिला २०१५ मध्ये नोबेल मिळाले. प्रस्तुत संग्रह याच तिसऱ्या वाटेवरचा आहे.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांचे १९९४ चे पुस्तक, कारण ते आपल्याला आपल्याच घरी परत आणते. व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना शे यांनी होमरचा अकिलीस पुन्हा वाचला. त्यांचे म्हणणे असे की माणसाला मोडते ती केवळ भीती नव्हे. ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनीच ‘योग्य काय’ याचा भंग केला की तो मोडतो, आणि मग त्याचा हात कुणावरही चालतो. याला ते नैतिक जखम म्हणतात. महाभारताच्या वाचकाला यात नवीन काही वाटू नये. द्रोणांना कपटाने मारले गेले आणि तेही धर्मराजाच्या तोंडच्या अर्धसत्याने. त्यानंतर अश्वत्थाम्याने झोपलेल्या छावणीत रात्री जे केले ते सौप्तिकपर्वात आहे. त्याची भळभळती जखम घेऊन तो अजून हिंडतो, असे आपल्या आज्या सांगत. युद्ध जिंकूनही राज्य नको म्हणणारा, भाऊ आणि द्रौपदी समजावून थकली तरी न ऐकणारा युधिष्ठिर शांतिपर्वाच्या आरंभी आहे. आपण लढाईआधीचा अर्जुनविषाद घरोघर वाचतो. लढाईनंतरचा युधिष्ठिरविषाद वाचत नाही. जवानाला निरोप देताना गीता देतो आणि तो परत आल्यावर द्यायला आपल्याकडे हारतुरे सोडून काही नसते.

श्रीलंकेचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना तिथे गेली. तिच्यात मराठा आणि महार पलटणी होत्या. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे; त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच मोहिमेत. ज्यांच्या रक्षणासाठी आलो त्यांच्यातूनच गोळ्या येऊ लागल्या, आणि आपण इथे का आहोत याचे उत्तर महिन्यागणिक बदलत गेले. अकराशेहून अधिक जवान मेले. १९९० च्या मार्चमध्ये अखेरचे जवान मद्रासला उतरले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. संग्रहातले सर्वांत वयस्क सांगणारे याच मोहिमेतले आहेत, आता साठीच्या आसपास पोचलेले. त्यांच्या बोलण्यात शत्रूबद्दलचा राग जवळजवळ नाही. आम्हाला काय म्हणून पाठवले, एवढे ते विचारतात.

मग हे सगळे पीण्यातच का बोलले गेले? गावात प्रत्येक जवान, त्याचा हुद्दा कोणताही असो, ‘मेजर’ असतो. पंधरा ऑगस्टला त्याला शाळेत बोलावतात आणि त्याने काय सांगायचे हे आधीच ठरलेले असते. घरी बायकोला घाबरवायचे नसते. नोकरीत असताना तर तोंड उघडणे महागात पडते: पूर्ण तंदुरुस्तीची शेप-वन मेडिकल कॅटेगरी गेली, मनाच्या आजाराचा शेरा पडला, की बढती अडते आणि पलटणीत माणसे वेगळ्या नजरेने पाहतात. पीण्यात त्याला कुणी ओळखत नाही. रात्री दोन ते पाच गाड्या येत नाहीत, शेजारच्या फाटकावरचाही कधीकाळचा फौजीच असतो, आणि ऐकणारा मराठी बोलणारा निघाला तर जीभ सैल होते. मनाच्या उपचारांची देशातली नावाजलेली संस्था, निम्हान्स, याच शहरात आहे. तिथे जावे असे यांतल्या फार थोड्यांना कधी वाटले. आपण आजारी आहोत असे त्यांना वाटत नाही, आणि मला त्यांचे पटते. ज्याने म्हाताऱ्याला थंडीत उभे केले आणि ज्याला त्याची आजही लाज वाटते, त्याचे मन शाबूत आहे. त्याला औषधापेक्षा ती गोष्ट ऐकून घेणारा माणूस हवा होता. ज्यांची झोप कायमची गेली आहे, ज्यांचा हात घरच्यांवर उठतो, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना डॉक्टर हवेतच, आणि तसे सांगणारे आवाजही संग्रहात आहेत.

हे आत्ता वाचण्याची निकड आणखी एका कारणाने आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. भरती चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करायचे, अशी तिची मूळ रचना. भूदलाची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली; तिचा हिशोब २०२७ च्या उंबरठ्यावर पूर्ण होतो. म्हणजे आजवर पस्तिशीला, बायकामुले असताना, पेन्शनसह परतणारा माणूस यापुढे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, पेन्शनशिवाय, एकरकमी पैसे घेऊन परतेल. त्याच्या दहा जणांची ताटातूट ऐन तारुण्यात होईल. नोकरीचे काय, यावर पुष्कळ बोलले गेले. त्याने जे पाहिले ते तो कुठे ठेवणार, यावर मला फारसे काही ऐकू आलेले नाही.

संपादकांनी काही पथ्ये पाळली आहेत. नावे, पलटणी, गावे वगळली आहेत. मोहिमांचे तपशील जाणूनबुजून पुसट केले आहेत. भाषा मात्र धुऊन घेतलेली नाही. फॉल-इन, छुट्टी, लंगर, रोलकॉल हे शब्द आणि मध्येच येणारी पलटणीतली हिंदी तशीच ठेवली आहे. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा पुस्तक देत नाही. काश्मीर किंवा श्रीलंका यांविषयीची राजकीय मते वाचकाने आपली आणावीत. इथे ती बदलण्याचा प्रयत्न नाही. एक उणीव मात्र मोठी आहे. बायकांचे आवाज इथे नाहीत, कारण त्या गावाकडे आहेत आणि हे काम फाटकांवर झाले. नवरा सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस त्याच्याशी कसे बोलायचे, हे त्यांनाच माहीत आहे. त्यांच्याकडे जायला हवे.

प्रस्तावनेच्या निमित्ताने मला एकाने विचारले की घरात भरतीसाठी पळणारा मुलगा असेल तर हे पुस्तक त्याच्या हाती द्यावे का. द्यावे. भरतीला जाऊ नकोस असे त्याला सांगण्यासाठी नाही. इथल्या बहुतेकांनी आपल्याही मुलाला जा म्हणूनच सांगितले आहे. पण जवळजवळ प्रत्येकाने एक गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत म्हटली आहे: सगळ्यांत वाईट होते ते असे वाटणे की हे फक्त माझ्याच बाबतीत झाले, बाकीचे बरे आहेत. त्या मुलाला एवढे तरी आधी कळावे की तसे नसते.